पऱ्हाटीच्या पातीत आरपार पाहायचं असेल तर: ऊती पारदर्शक करण्याची रीत

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. ऊती पारदर्शक करण्याचा पहिला तास मी दरवर्षी सोयाबीनच्या तेलाने सुरू करते. बीकरमध्ये तेल ओतायचं, बोरोसिलची एक बारीक परीक्षानळी तेलानेच काठोकाठ भरायची आणि त्यात हळूच सोडायची. नळी नाहीशी होते. तिची कड दिसत नाही, तळ दिसत नाही, नुसतं पिवळसर तेल दिसतं. मागच्या बाकावरचा कुणीतरी ‘नळी कुठी गेली, मॅडम?’ म्हणत पुढे येतो, तेलात बोट घालतो आणि बोटाला काच लागली की थबकतो.

ऊती पारदर्शक करणं म्हणजे हेच. या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे तिच्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा अंक, साधारण १.४७ आणि सोयाबीनच्या तेलाचाही तेवढाच. प्रकाश वळतो किंवा परततो तो अपवर्तनांक बदलतो त्या सीमेवर. दोन्ही बाजूंना अंक सारखाच असला तर प्रकाशाच्या लेखी तिथे सीमाच उरत नाही. आलूबोंडा ज्या कागदावर ठेवतात त्याला तेल लागलं की पलीकडची अक्षरं दिसू लागतात, तेही यामुळेच. कागदाचे तंतू १.५ च्या आसपास, त्यांच्यामधली हवा १.०, म्हणून कागद पांढरा. हवेच्या जागी तेल शिरलं की फरक जवळजवळ मिटतो.

पेशींचंही तसंच आहे. पाणी १.३३, तर मेद आणि प्रथिनं १.४५ च्या पुढे. मिलिमीटरभर ऊतीत अशा असंख्य सीमा एकापुढे एक उभ्या असतात आणि प्रत्येक सीमेवर प्रकाश थोडा थोडा विखुरतो. दूध पांढरं दिसतं ते याच कारणाने. म्हणून साध्या कॉन्फोकल, म्हणजे लेझरने एकेका पातळीचं चित्र घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली न निवळलेल्या (पारदर्शक न केलेल्या) ऊतीत साधारण दशांश मिलिमीटरच्या खाली चित्र धूसर होत जातं. वनस्पतींमध्ये आणखी दोन अडचणी. हरितद्रव्य प्रकाश शोषून घेतं, आणि पेशींमधल्या पोकळ्यांत हवा असते. माझ्या मते सगळ्यात त्रासदायक ही हवाच. रंगद्रव्य आठवड्याभरात निघून जातं, पण आत अडकलेला एक बुडबुडा महिनाभर ठेवलेला नमुनाही वाया घालवतो.

मेणात बसवून मायक्रोटोमने, म्हणजे पातळ काप घेणाऱ्या यंत्राने, काप काढायची रीत आहेच, आणि ती यायलाच हवी. पण पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पातीत (न उमललेल्या कळीत) देठापासून बीजांडापर्यंत जाणारी एकच वाहिनी शोधायची असेल तर शंभर कापांमध्ये तिचा माग सुटतो. नमुना अखंड ठेवून आत पाहायचं असेल तर तो निवळावा लागतो.

कल्पना जुनी आहे. जर्मनीतल्या लाइपझिगचे शरीररचनाशास्त्रज्ञ वेर्नर श्पाल्टेहोल्त्स यांनी १९११ साली विंटरग्रीन तेलासारखी द्रवं वापरून अवयव पारदर्शक करण्याची पद्धत मांडली. दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास येतो ना, तोच हा पदार्थ, मिथाइल सॅलिसिलेट. नंतर हे तंत्र मागे पडलं आणि गेल्या पंधरा वर्षांत परत आलं. २०११ मध्ये जपानमधून यूरियावर आधारलेली ‘स्केल’ पद्धत आली. २०१३ मध्ये फळातल्या साखरेची ‘सीडीबी’ आणि स्टॅनफर्डची ‘क्लॅरिटी’ या दोन पद्धती आल्या, आणि २०१५ मध्ये नागोया विद्यापीठातून खास वनस्पतींसाठी ‘क्लिअरसी’ आली. आपल्याकडच्या कॉलेजांना मी क्लिअरसीच सुचवते. तिला महागडं उपकरण लागत नाही, ज्वालाग्राही द्रावक लागत नाही, आणि त्यातले तीनही पदार्थ रसायनांच्या दुकानातून मागवता येतात.

सुरुवात मुळांपासून करा

हात बसेपर्यंत एक सोपा नमुना घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोयाबीन किंवा तुरीची बारीक मुळं मातीसकट खणून आणा, धुवा आणि सेंटिमीटरभराचे तुकडे करा. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ९० अंशांच्या वॉटरबाथवर ठेवा. सोयाबीनच्या कोवळ्या मुळांना वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, तुरीच्या मुळांना तासभरही लागतो. या कॉस्टिकचे (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे) दाणे पाण्यात टाकायचे, दाण्यांवर पाणी ओतायचं नाही, कारण ते उकळून अंगावर उडतं. डोळ्यांना चष्मा हवाच. मग चहाच्या गाळणीत मुळं धुऊन पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा. व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी शाई घालून त्यात तीन मिनिटं उकळा, आणि थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा. ही शाई-व्हिनेगरची रीत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्या शाया चालत नाहीत. शेफरची काळी चालते.

स्लाइड पाहा. मुळाची पेशी काचेसारखी आणि तिच्यात मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीची, झाडासारखी फुटलेली निळी-काळी जाळी. आपल्याच धुऱ्यावरून आणलेल्या मुळात हे पाहिलं की पोरं घरच्या शेतातली मुळं घेऊन येतात. एक नमुना निवळण्याची चटक लागायला एवढं पुरतं.

क्लिअरसीचं द्रावण

१०० मिलिलिटरसाठी झायलिटॉल १० ग्रॅम, सोडियम डीऑक्सिकोलेट १५ ग्रॅम, यूरिया २५ ग्रॅम.

यूरिया प्रयोगशाळेच्या दर्जाचाच घ्या. घरी खताची बॅग असते म्हणून मुलं तोच आणतात, पण खताचा यूरिया २०१५ पासून पूर्णपणे कडुनिंबाचा लेप दिलेला मिळतो. त्याने द्रावण गढूळ होतं.

सुमारे ५५ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घ्या. आधी यूरिया विरघळवा. बाटली हातात धरली तर ती गार पडत गेलेली जाणवेल, बाहेरून दमटही होईल, कारण यूरिया विरघळताना उष्णता ओढून घेतो. बाटली कोमट पाण्याच्या गंजात ठेवून ढवळा, पण गॅसवर ठेवू नका. तापवल्यावर यूरियाचं विघटन होतं. मग झायलिटॉल घाला आणि शेवटी डीऑक्सिकोलेट, चिमटीचिमटीने. त्याची भुकटी हलकी असते, उडते आणि नाकाघशाला झोंबते, म्हणून मास्क लावा आणि पंखा बंद करा. एकदम ओतली तर गोळे होतात आणि ते फुटायला अर्धा दिवस जातो. जोरात हलवलं तर फेस होतो. रात्रभर स्वस्थ ठेवलं की तो बसतो. शेवटी पाणी घालून १०० पर्यंत न्या. द्रावण स्वच्छ आणि किंचित पिवळसर दिसायला हवं.

पाण्याच्या बाबतीत माझा एक हंगाम वाया गेला. डिस्टिलेशनचा संच बंद होता, म्हणून मी बोअरचं पाणी गाळून वापरलं. द्रावण दुधासारखं झालं आणि तळाशी पांढरा साका बसला. कितीतरी दिवस मी यूरियालाच दोष देत होते. डीऑक्सिकोलेट हा पित्तातल्या क्षारांपैकी एक, आणि कॅल्शियम भेटलं की तो खाली बसतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात चुना किती असतो ते घरच्या गिझरची कॉइल पाहिली तरी कळतं. आम्लानेही हेच होतं: पीएच सातच्या खाली गेला की द्रावण जेलीसारखं घट्ट होतं. त्यामुळे व्हिनेगरमधून आलेला नमुना थेट यात टाकायचा नाही.

पऱ्हाटीसाठी यात एक भर घालावी लागते. पऱ्हाटीच्या अंगात फिनॉल वर्गातली द्रव्यं भरपूर असतात आणि ती हवेने तपकिरी होतात, वांगं चिरून ठेवल्यावर होतं तसं. २०२१ मध्ये याच पद्धतीत सोडियम सल्फाइट घालण्याची सुधारणा आली. १०० मिलिलिटरला ०.६३ ग्रॅम सल्फाइट घाला, आणि वापरायच्या दिवशीच घाला. पात्यांवर आणि पानांवर दिसणारे काळसर ठिपके, म्हणजे गॉसिपॉल या द्रव्याच्या ग्रंथी, पूर्ण निवळतील अशी अपेक्षा धरू नका. मी त्यांचा खुणेच्या दगडासारखा उपयोग करते. दोन चित्रं जुळवताना त्या कामी येतात.

नमुना घेणं, फिक्स करणं आणि हवा काढणं

पहिल्यांदा पऱ्हाटीवर जाऊ नका. ओल्या फडक्यात मोड आणलेल्या मुगाचं कोवळं मूळ घ्या. ते चार-पाच दिवसांत निवळतं. ते जमलं की पाती घ्या. सकाळी तोडलेली, बोटाच्या पेरापेक्षा लहान, डोमकळी (बोंडअळीमुळे न उमलता मिटून राहिलेली कळी) न झालेली पाती निवडा. बाहेरची झालरीची पानं काढून टाका आणि नव्या ब्लेडने उभा काप घ्या, जाडी दोन मिलिमीटरच्या आत. जाडीचा हिशेब पक्का ध्यानात ठेवा: द्रव आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की वाट चौपट पाहावी लागते.

फिक्स करायला, म्हणजे ऊती आहे तशी टिकवायला, बाजारातलं फॉर्मॅलिन १० मिलिलिटर आणि पीबीएस (फॉस्फेट घातलेलं मिठाचं पाणी) ९० मिलिलिटर. म्हणजे जवळपास ४ टक्के फॉर्माल्डिहाइड झालं. पीबीएस घरीच बनवता येतं: लिटरला मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२, डायसोडियम फॉस्फेट १.४४, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२४, पीएच ७.४. पॅराफॉर्माल्डिहाइडची पूड तापवून ताजं द्रावण करणं अधिक चांगलं असतं, पण धूर ओढणारी चेंबर नसलेल्या प्रयोगशाळेत ते करू नका. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे. आम्ही हे काम व्हरांड्यात करतो, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे आणि चष्मा लावून.

आता हवा काढायची. व्हॅक्यूम पंप नसेल तर ५० मिलिलिटरची सिरिंज पुरते, सुईशिवाय. दट्ट्या काढून नमुना आत टाका, वीसेक मिलिलिटर फिक्सेटिव्ह घ्या, दट्ट्या बसवा आणि आतली हवा बाहेर घालवा. मग सिरिंजच्या तोंडावर हातमोजा घातलेलं बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या मागे ओढून धरा. पानाच्या कडेवरून, देठाच्या कापलेल्या टोकावरून मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे सुटू लागतात. दहा सेकंद धरा आणि हळूच सोडा. सोडताक्षणी तुम्हाला दिसेल की पानावर एक गडद हिरवा डाग पसरतोय, ओल्या मातीसारखा. जिथे हवा होती तिथे आता द्रव शिरला. असं पाच-सहा वेळा करा. तरंगणारा तुकडा शेवटी तळाला जातो. तो बुडाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा आमच्या प्रयोगशाळेतला नियम आहे. बोट एकदम सोडलं तर द्रव उडतो, म्हणून चष्मा पुन्हा एकदा.

बुडालेला नमुना एक ते दोन तास फिक्सेटिव्हमध्येच ठेवा आणि पीबीएसने दोनदा धुवा.

वाट पाहण्याचे दिवस

नमुन्याच्या निदान दहापट द्रावण घ्या, झाकणाची काचेची बाटली वापरा, आणि अंधारात ठेवा. पहिल्या दोन दिवसांत द्रावण हिरवं होतं. ते ओतून नवं घाला. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी बदला, द्रावण रंग घेईनासं होईपर्यंत. पातळ पानाला आठवडा, पातीच्या कापाला दोन ते चार आठवडे. दिवसातून दोनदा बाटली आडवी-उभी करा. फिरवायचं यंत्र असेल तर उत्तम, पण भारनियमनाच्या वेळापत्रकावर ते चालत नाही. आमच्या प्रयोगशाळेतले मामा येता-जाता बाटल्या उलटतात आणि तेवढ्याने काम होतं.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मे महिन्यात खोलीचं तापमान चाळिशीच्या वर जातं, झाकणातून पाणी उडतं, यूरियाचे सुईसारखे स्फटिक कडेला धरतात आणि सल्फाइट घालूनही नमुना तपकिरी पडतो.

निवळलं की नाही हे कसं ओळखायचं? छापील कागदावर बाटली ठेवा. नमुन्याखालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. पारदर्शक म्हणजे अदृश्य नव्हे. कडा थोड्या दिसतातच, आणि यूरियामुळे नमुना किंचित फुगतो. मोजमापं घ्यायची असतील तर आधीचा आणि नंतरचा फोटो मोजपट्टीसह काढून ठेवा.

रंग

सगळं पारदर्शक झालं तर पाहायचं काय? म्हणून रंग हवा, आणि तो ज्या भागाला धरायचा त्यालाच धरणारा. बहुतेक कॉलेजांत बेसिक फुक्सिन पडलेलं असतं. १० मिलिलिटर क्लिअरसीत २० मिलिग्रॅम घाला आणि निवळलेला नमुना रात्रभर ठेवा. ते लिग्निनला, म्हणजे पेशीभित्तिका कठीण करणाऱ्या द्रव्याला, धरतं. मग रंग ओतून साध्या क्लिअरसीत धुवा. पातळ नमुन्याला दोन-तीन तास पुरतात, जाड काप द्रावण गुलाबी होणं थांबेपर्यंत एक-दोन दिवस धुवावा लागतो. धुण्यात घाई केली तर सगळंच गुलाबी दिसतं आणि खोलीचा काही उपयोग राहत नाही. पेशीभित्तिका पाहायच्या असतील तर कॅल्कोफ्लोर व्हाइट, ०.१ टक्का, अर्धा-एक तास. फुक्सिनही हातमोज्यानेच हाताळायचं.

रंगानंतर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली १० एक्सला पाहा. जाइलमच्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या, वाहिन्यांवरचे लिग्निनचे वळसे गुलाबी स्प्रिंगसारखे दिसतात, आणि फाइन फोकस फिरवला की एक स्प्रिंग मावळते, तिच्याखालची उगवते. मेणाच्या कापात या स्प्रिंगांचे तुटके तुकडे दिसतात. इथे ती देठातून वर चढते, फुटते आणि अंडाशयाच्या भिंतीत शिरते.

प्राण्यांची ऊती असेल तर

क्लिअरसी वनस्पतींसाठी आहे. माशाचा मेंदू किंवा झिंग्याच्या चेतारज्जूसाठी फ्रुक्टोज, म्हणजे वर सांगितलेली फळातल्या साखरेची सीडीबी पद्धत, घ्या. जिवंत प्राणी यासाठी मारू नका. वणा नदीवर सकाळी जाळं ओढणाऱ्या भोयांकडून नुकताच मेलेला मासा मिळतो. बाजारातला दुपारचा मासा नको, त्याच्या पेशी आतून विरघळायला लागलेल्या असतात. ४ टक्के फॉर्माल्डिहाइडमध्ये फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, धुवा, आणि रंग याच टप्प्यावर द्या, कारण घट्ट पाकात रंग शिरत नाही. मग २०, ४० आणि ६० टक्के फ्रुक्टोजमध्ये प्रत्येकी चार ते आठ तास, ८० आणि १०० मध्ये बारा-बारा तास, आणि शेवटी २०.२५ ग्रॅम फ्रुक्टोज ५ मिलिलिटर पाण्यात विरघळवून केलेल्या पाकात एक दिवस. त्या पाकाचा अपवर्तनांक १.४९. पायऱ्या गाळल्या तर ऊती मनुक्यासारखी आक्रसते. प्रत्येक द्रावणात अर्धा टक्का अल्फा-थायोग्लिसरॉल हवं, नाहीतर साखर आणि प्रथिनं मिळून तपकिरी होतात. त्याला वास फार येतो. पातळ पाकाला बुरशी लवकर लागते, म्हणून तो रोज ताजा करा.

२०२४ साली स्टॅनफर्डच्या गटाने टार्ट्राझिन या पिवळ्या खाद्यरंगाने जिवंत उंदराच्या पोटाची त्वचा पारदर्शक केली आणि रंग धुतल्यावर ती पूर्ववत झाली. बातमी वाचून मुलं हमखास विचारतात, म्हणून सांगते: तो उंदरावरचा प्रयोग आहे. स्वतःच्या हातावर रंग चोळून पाहू नका.

कचरा

फॉर्मॅलिन वेगळ्या झाकणबंद कॅनमध्ये, नाव आणि तारीख घालून ठेवा आणि घातक रसायनं उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेलाच द्या. आमच्या कॉलेजची नाली पुढे शेताकडे जाते. तुमचीही जात असेल. कॉस्टिक व्हिनेगरने उदासीन करून भरपूर पाण्यासोबत ओतता येतं. फुक्सिनचं पाणी फॉर्मॅलिनसारखंच वेगळं साठवा.

खोलात चित्र घेणं

जाड नमुन्याला साधी स्लाइड चालत नाही. स्लाइडवर कव्हरस्लिपच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून नमुन्याच्या उंचीएवढी चौकट करा, ती द्रावणाने भरा, नमुना ठेवा, वरून कव्हरस्लिप एका कडेने उतरवा आणि कडा नेलपॉलिशने बंद करा. बुडबुडा राहिला तर पुन्हा उघडा.

१०० एक्सचं ऑइल लेन्स इथे निरुपयोगी. त्याचं टोक नमुन्यापासून फार तर ०.२ मिलिमीटरवर असावं लागतं, म्हणजे खोल जाण्याआधीच काच फुटते. १० एक्स किंवा लांब अंतराचं २० एक्स घ्या. कॉलेजच्याच सूक्ष्मदर्शकावर, मोबाइल आयपीसला बसवून, फाइन फोकसची ठरावीक रेघ फिरवत एकेक फोटो काढा. एका रेघेला किती मायक्रॉन ते पुष्कळदा चाकावर लिहिलेलं असतं. हे फोटो फुकट मिळणाऱ्या फिजी या सॉफ्टवेअरमध्ये (इमेजजेची एक आवृत्ती) इमेज सिक्वेन्स म्हणून उघडा आणि झेड प्रोजेक्ट करा, म्हणजे सगळ्या पातळ्या एका चित्रात जोडा. याने कॉन्फोकलसारखी स्वच्छ पातळी मिळत नाही, पण कोणता नमुना नागपूरला कॉन्फोकलवर न्यायच्या लायकीचा हे कळतं.

कॉन्फोकलसाठी केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर नाव नोंदवा. २०२० मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणं आणि त्यांचे दर पाहता येतात. वेळ घेताना तीन गोष्टी विचारा: १० एक्स आणि २० एक्सच्या लेन्सचं कामाचं अंतर किती, कॅल्कोफ्लोरसाठी ४०५ नॅनोमीटरचा आणि फुक्सिनसाठी ५६१ चा लेझर आहे का, आणि स्टेजवर जाड चेंबर बसतं का. नमुने दोन मिलिलिटरच्या नळ्यांत काठोकाठ भरा म्हणजे एसटीच्या धक्क्यांनी फेस होणार नाही, वर अॅल्युमिनियमची पन्नी गुंडाळा आणि डब्यात ठेवा. दर नमुन्याचं नाव शिसपेन्सिलने कागदावर लिहून आत टाका. मार्करची शाई या द्रावणाने पुसली जाते.

तिथे गेल्यावर पहिली फेरी ५ मायक्रॉनच्या पायरीने, म्हणजे दर ५ मायक्रॉनला एक चित्र अशी, घ्या. खोल गेल्यावर चित्र अंधारतं, तेव्हा लेझर खोलीप्रमाणे वाढवा, सरसकट वाढवू नका. वरचा थर जळतो. आणि खोली मोजताना ही दुरुस्ती विसरू नका: कोरडं लेन्स हवेतून पाहतं आणि नमुना १.४ च्या आसपासच्या द्रवात असतो, म्हणून स्टेज १०० मायक्रॉन हलली की फोकस नमुन्यात साधारण १४० मायक्रॉन सरकतो. विहिरीचा तळ वर आलेला दिसतो तसंच हे. दुरुस्ती न करता चित्र रचलं तर गोल बीजांड चपटं दिसतं. फाइलच्या नावातच नमुना, रंग, लेन्स आणि दुरुस्त केलेली पायरी लिहून ठेवा, कारण महिन्याभराने ती फाइल उघडणारा विद्यार्थी त्या दिवशी तुमच्यासोबत एसटीत नसतो.